शुक्रवारी रात्री सिंगापूर, सोमवारी सकाळी कॉलेज: ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या एकट्या फेरीची तयारी

सिंगापूरला शिकायला गेलेला मित्र फोनवर म्हणतो, "ये ना एखाद्या वीकेंडला," आणि ते ऐकायला लोणावळ्याला बोलावल्यासारखं वाटतं. अंतराचं म्हणाल तर फार चूकही नाही. मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांत पोचतं. एसटीने कोल्हापूर गाठायला याहून जास्त वेळ लागतो. फरक एवढाच की कोल्हापूरच्या वाटेवर विसरलेली वस्तू कुठेही मिळते. इथे हातात जेमतेम दोन दिवस असतात आणि झालेली चूक निस्तरायला तिसरा दिवस नसतो. म्हणून या सहलीची बहुतेक कामं घरी बसून, सहा आठवडे आधीपासून उरकायची असतात. क्रमाने घेऊ.

सहा आठवडे आधी: मित्राचं कॅलेंडर, तुमचा पासपोर्ट

तिकिटांचे भाव बघण्याआधी मित्राला परीक्षा कधी आहेत ते विचारा. एनयूएस आणि एनटीयू या दोन्ही विद्यापीठांत पहिलं सत्र ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात आणि दुसरं जानेवारी ते मे असं चालतं. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि एप्रिलची अखेर हे परीक्षेचे दिवस. तेव्हा गेलात तर मित्र लायब्ररीत आणि तुम्ही एकटेच फिरताय असं होतं. सत्राच्या मध्ये एक आठवडा सुट्टी असते, तिला तिथे 'रिसेस वीक' म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटी आणि फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला ती पडते. तिच्या आधीचा किंवा नंतरचा वीकेंड सगळ्यात चांगला. चिनी नववर्ष आणि फॉर्म्युला वन शर्यतीचे दिवस मात्र टाळा. नववर्षाला निम्मी दुकानं बंद असतात, शर्यतीला राहण्याचे दर चढतात.

पासपोर्ट सिंगापूरला पोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. पाच महिने उरले असतील तर इथल्या चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवतात. नवीन काढायचा असेल तर ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये आहे, तत्काळसाठी वर २००० लागतात. ठाणेकरांचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. पोलीस पडताळणीसाठी घरी किंवा चौकीत हजर राहावं लागतं, तेव्हा परीक्षेच्या आठवड्यात अर्ज टाकू नका.

आता नावाची भानगड. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं असतात आणि बऱ्याच पासपोर्टांत वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तुमच्या नावाला जोडून छापलेलं असतं. कॉलेजच्या ओळखपत्रावर आडनाव आधी, आधारवर तिसरंच काहीतरी. तिकीट काढताना यातलं कुठलंच बघायचं नाही. पासपोर्ट उघडा आणि गिव्हन नेमच्या रकान्यात जे आहे ते तिकिटाच्या फर्स्ट नेममध्ये अक्षर न अक्षर भरा. व्हिसाच्या अर्जात आणि पुढे येणाऱ्या अरायव्हल कार्डातही तेच. तिकिटावर नाव चुकलं की विमान कंपन्या दुरुस्तीला पैसे घेतात, आणि शुक्रवारी रात्री काउंटरवर ते लक्षात आलं तर वेळही जातो.

तिकीट: तारीख आणि विमानतळ दोन्ही वाचा

वीकेंडला सोयीची जोडी अशी: शुक्रवारी रात्री मुंबईहून निघणारं आणि रविवारी संध्याकाळी सिंगापूरहून सुटणारं विमान. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री साडेअकराला निघालेलं विमान साडेपाच तासांनी, म्हणजे आपल्या पहाटे पाचला उतरतं, तेव्हा तिथे साडेसात वाजलेले असतात. परतताना ते अडीच तास परत मिळतात. तिथून रात्री आठला निघालात तर घड्याळाने अकराला मुंबईत.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते मध्यरात्रीच्या तारखेवर. तिकिटावर 'शनिवार ००:३५' लिहिलं असेल तर विमानतळावर शुक्रवारी रात्री साडेनऊला पोचायचं असतं. शनिवारी रात्री बॅग घेऊन आलात तर तुमचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं आणि पैसे बुडालेले असतात. तिकीट काढल्याबरोबर घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर निघण्याची वेळ नाही, घर सोडण्याची वेळ लिहून ठेवा.

दुसरी मेख नवी मुंबईकरांसाठी. उलव्याच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली, सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. आता तिकिटाच्या संकेतस्थळांवर 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं दिसू शकतात. शहराच्या नावावर जाऊ नका, कोड बघा. बीओएम म्हणजे सहारचा, एनएमआय म्हणजे उलव्याचा. स्वस्त पडतं म्हणून मध्ये दुसऱ्या शहरात विमान बदलायचं तिकीट घेत असाल तर येतानाचा आणि जातानाचा विमानतळ एकच आहे ना, तेही तपासा. आणि खरं सांगायचं तर दोन दिवसांच्या सहलीला थेट विमानच घ्यावं. पाचेक हजार वाचवून चेन्नईत सहा तास बाकड्यावर बसण्यात अर्थ नाही.

जाण्या-येण्याच्या थेट तिकिटाला मिळून साधारण बावीस ते पस्तीस हजार धरून चाला. पैसे भरण्याआधी रद्द करण्याचं शुल्क किती आहे ते वाचा, कारण व्हिसा अजून यायचा आहे.

चार आठवडे आधी: व्हिसा

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. अर्ज पोचण्याच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आत करायचा असतो. दोन महिने आधी दिला तर उपयोग नाही. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, नाकारलं तरी परत मिळत नाही. एक डॉलर म्हणजे ७० रुपये असा हिशोब धरा, पुढेही तोच वापरू. त्यावर एजंटाची फी वेगळी. अर्ज सिंगापूरने मान्यता दिलेल्या व्हिसा एजंटांमार्फत जातो, म्हणून कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हल्सवाल्याला आधी विचारा, तुम्ही स्वतः अधिकृत आहात की पुढे दुसऱ्याला देणार. मधला माणूस वाढला की फी वाढते आणि दिवसही.

कागद फार नाहीत. फॉर्म १४ए हा व्हिसाचा अर्ज, पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत, फोटो, जाण्या-येण्याचं तिकीट, राहण्याचं बुकिंग. विद्यार्थी असल्यामुळे कॉलेजचं बोनाफाईड प्रमाणपत्र आणि आई किंवा बाबांच्या खात्याचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट जोडा, सोबत खर्च आम्ही करतोय असं त्यांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र. बोनाफाईडला कॉलेजच्या ऑफिसात दोन ते चार दिवस लागतात आणि मोठ्या सुट्टीच्या आसपास जास्त, तेव्हा ते काम पहिलं.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, गेल्या तीन महिन्यांतला, चकाकी नसलेल्या कागदावर. पांढरा शर्ट घालून जाऊ नका. खांदे पार्श्वभूमीत मिसळतात आणि फोटो परत येतो. स्टुडिओवाल्याला 'सिंगापूर व्हिसा' एवढं सांगितलं की माप त्याला ठाऊक असतं, पण चेहरा गोरा करून देण्याची त्याची हौस मात्र आवरा.

मित्राबद्दल एक गैरसमज पक्का असतो: तो तिथे आहे, तोच माझा व्हिसा ऑनलाइन काढेल. तसं होत नाही. तिथून अर्ज भरणारी किंवा व्ही३९ए हे परिचयपत्र देणारी व्यक्ती सिंगापूरची नागरिक किंवा कायम रहिवासी आणि किमान २१ वर्षांची लागते. स्टुडंट्स पासवर, म्हणजे शिकण्यासाठीच्या परवान्यावर राहणाऱ्या मित्राला ते जमत नाही. तो देऊ शकतो ते साधं निमंत्रणपत्र: तुमचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक, त्याचं नाव आणि विद्यापीठ, ओळख कशी, कोणत्या तारखा. सोबत त्याच्या पासची प्रत. सक्तीचं नसलं तरी एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याला कामी येतं.

कागद पूर्ण असले तर साधारण तीन कामाच्या दिवसांत निकाल लागतो, अर्ज दिल्याचा दिवस सोडून. तरी दोन आठवडे हाताशी ठेवाच. ई-व्हिसा आल्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अक्षरशः बोट ठेवून वाचा आणि दोन प्रती छापून घ्या.

झोपायचं कुठे

"माझ्या रूमवर ये, गादी टाकू" हे आपल्याकडच्या हॉस्टेलात चालून जातं. तिथे नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहांत बाहेरच्याला परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही. एनटीयूत या प्रकाराला 'स्क्वॉटिंग' असा शब्दच आहे आणि त्याची शिक्षा तुम्हाला नाही, मित्राला होते. थेट खोली जाण्यापर्यंत. दिवसा जाऊन अंघोळ, गप्पा, मॅगी सगळं करा, भेटीच्या वेळा विचारून. झोपायला मात्र स्वतःचं बुकिंग हवं.

एअरबीएनबीवर स्वस्त खोली दिसली तरी घेऊ नका. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदा आहे, सरकारी एचडीबी घरांना तर किमान सहा महिन्यांची अट आहे. विद्यार्थ्याला परवडतं ते कॅप्सूल हॉस्टेल: एका मोठ्या खोलीत पडदा असलेले बंकचे खण, लॉकर, सामायिक बाथरूम. लिटिल इंडिया, लॅव्हेंडर, बुगिस आणि चायनाटाउन या भागांत ती दाटीने आहेत. रात्रीचे तीस ते साठ डॉलर. मुलींसाठी वेगळा कक्ष असलेली निवडता येतात. चेक-इन दुपारी दोन-तीनला असतं आणि तुम्ही सकाळी पोचता, तेव्हा सामान आधी ठेवू देतात का हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

मित्र भाड्याच्या घरात राहत असेल तर घरमालकाची हरकत नाही ना, हे त्याने विचारायचं. तुम्ही आग्रह करायचा नाही.

बॅग: कपडे कमी, डबे जास्त

तुम्ही जाणार ही बातमी मित्राच्या घरी पोचली की डबे यायला लागतात. नेता काय येतं आणि काय नाही, ते नीट बघू, कारण इथली चूक महागातली आहे.

सगळ्यात आधी खसखस. आपल्याकडे वाण्याकडे मिळणारी ही गोष्ट सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्यामुळे बंदी असलेल्या वस्तूंमध्ये मोडते. सुटी खसखस कोणी देणार नाही, पण ती लपलेली असते. अनारसे खसखशीवरच थापतात. करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, बाकरवडीच्या मसाल्यात आणि काही घरांच्या गोड्या मसाल्यातही ती असते. तेव्हा अनारसे इथेच खाऊन टाका. बाकीचं करणाऱ्याला विचारा. विकतचं असेल तर पाकिटामागचे घटक वाचा. सिंगापूरचे अमली पदार्थांचे कायदे जगातल्या सगळ्यात कडक कायद्यांत गणले जातात, तिथे "आईने दिलं" हे उत्तर चालत नाही.

याच कारणाने कुणाचंही शिवलेलं किंवा टेप मारलेलं पार्सल घेऊ नका, मग ती सख्खी मावशी असो. "काकू, आत काय काय आहे ते दाखवून द्याल का? विमानतळावर मलाच विचारतात," असं म्हटलं की कोणी रागावत नाही.

गुटखा, खैनी, जर्दा यांवर तिथे बंदी. व्हेप जवळ बाळगणंही गुन्हा. च्युइंगम नेऊ नका. सिगारेटला करमाफी नाही, एका पाकिटालाही नाही. सुकट-बोंबील, मटणाचं लोणचं, अंडी हे सगळं घरीच ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्यांना आधी परवानगी लागते. नेहमीच्या गोळ्या असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी हा वेगळा मुद्दा. ती सिंगापूरला नको असते असं नाही, विमानाला नको असते. तेलकट खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात धरतात.

राहिलं काय? पुष्कळ. चकली, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, मेतकूट. सगळं मिळून पाच किलोच्या आत ठेवा. केबिन बॅगेला बहुतेक कंपन्या ७ किलो देतात. रिकामी सॅक एक किलो, दोन जोड कपडे आणि चपला दोन किलो, चार्जर आणि बारीकसारीक अर्धा किलो, म्हणजे डब्यांना साडेतीन उरतात. लॅपटॉप नेलात तर दोनच. नेऊ नका.

लोणचं आणि तिखटाची पूड केबिनमध्ये सुरक्षा तपासणीला अडवतात, ती चेक-इन बॅगेतच जायला हवी. तिकिटात चेक-इन धरलेलं असेल तर जरूर न्या, पट्ट्यावर अर्धा तास जाईल एवढंच. लोणच्याला काचेची बरणी नको. प्लॅस्टिकची रुंद तोंडाची घ्या, बोटभर जागा सोडून भरा, तोंडावर प्लॅस्टिक ताणून मग झाकण फिरवा, झाकणाला टेप, आणि एकात एक अशा दोन झिप पिशव्या. बरणी उभी आणि कपड्यांच्या मधोमध. तेल सुटलंच तर पिशवीत थांबतं. चकल्या स्टीलच्या डब्यात उभ्या रचून वर चुरगाळलेला कागद कोंबा. डबा हलवल्यावर आवाज आला नाही म्हणजे जमलं.

पॉवर बँक केबिनमध्येच, चेक-इनमध्ये सापडली तर बॅग उघडायला बोलावतात. विमानात तिच्यावर फोन चार्ज करू नका. सिंगापूरचे प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, आपला बसत नाही. अडॅप्टर ठाणे स्टेशनबाहेर किंवा वाशीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत शे-दोनशेला मिळतो. छत्री घ्या, तिथे पाऊस बाराही महिने पडतो.

आठवडा आधी: पैसे आणि फोन

आपल्याकडची कार्डं मुळात देशातच चालतील अशी येतात. परदेशी व्यवहार आणि कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय, या दोन्ही बँकेच्या अॅपमध्ये जाऊन स्वतः चालू कराव्या लागतात. तिथे पोचल्यावर चालू करायला गेलात तर ओटीपी येईलच असं नाही. म्हणून भारतीय सिमवर निदान एसएमएस येतील एवढं रोमिंग ठेवा. इंटरनेटला रोमिंग पॅक किंवा ई-सिम, जे स्वस्त पडेल ते.

व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड तिथल्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या गेटवर थेट टेकवता येतं, वेगळं तिकीट काढावं लागत नाही. परदेशी कार्डाला प्रवास केलेल्या दिवसाचे ६० सेंट जास्तीचे लागतात. रुपे कार्ड त्या गेटवर चालत नाही. चढताना जे कार्ड टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड असं केलंत तर ते दोन वेगळे प्रवास धरतात आणि दोन्ही अर्धवट म्हणून जास्त कापतात.

दुकानात मशीन विचारतं, रुपयांत की डॉलरमध्ये? नेहमी डॉलर. रुपये निवडले की दर त्या मशीनवाल्याचा लागतो. रोख शंभर-दीडशे डॉलर पुरतात. ते अधिकृत मनी चेंजरकडून पासपोर्ट आणि तिकीट दाखवून घ्या आणि पावती जपा. ग्रॅब हे टॅक्सीचं अॅप इथेच उतरवून, आपल्या नंबरवर नोंदणी करून ठेवा.

प्रवास विमा काही शे रुपयांत होतो. तिथलं डॉक्टरचं बिल बघितलं की तो काढण्यावर वाद उरत नाही.

तीन दिवस आधी: अरायव्हल कार्ड

एसजी अरायव्हल कार्ड म्हणजे सिंगापूरच्या इमिग्रेशनला आधीच माहिती देण्याचा फॉर्म. तो ऑनलाइन भरायचा, पोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत. ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते सरकारी नाही, बंद करा. पत्ता हॉस्टेलचा लिहा, जिथे खरंच झोपणार आहात तो. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे आणि व्हिसा म्हणजे हे कार्ड नव्हे, दोन्ही लागतात.

शुक्रवार: घर ते टी२

विमान पावणेबाराचं असेल तर पावणेनऊला टर्मिनल २ वर हवं. शुक्रवार संध्याकाळी घोडबंदर रोड आणि जेव्हीएलआरचा पवई पट्टा यांच्या भरवशावर राहणं धाडसाचं आहे. कॅबने जायचंच तर सहाला निघा. हलकी बॅग असेल तर लोकल आणि मेट्रो बरी. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो ३ ने पुढचंच स्टेशन विमानतळ टी२. संध्याकाळी गर्दी उलट्या बाजूने, म्हणजे घराकडे वाहत असते, त्यामुळे डब्यात जागा मिळते. त्रास फक्त घाटकोपरच्या पुलावर, बॅग पुढे छातीशी धरा. घरापासून सव्वा ते दीड तास.

ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन हाच रस्ता धरावा. वाशी, नेरूळकडच्यांना हार्बरने कुर्ला आणि तिथून घाटकोपर.

एकट्या विद्यार्थ्याला इथल्या इमिग्रेशनला चार प्रश्न हमखास येतात: कशाला चाललात, कुणाकडे, कुठे राहणार, परत कधी. उत्तरं तेवढीच द्या. "मित्र एनटीयूत शिकतो, त्याला भेटायला, हॉस्टेलचं बुकिंग हे, परतीचं तिकीट रविवारचं." मित्राकडे राहणार असं तोंडी आणि हॉस्टेलचं बुकिंग कागदावर, असं झालं की प्रश्न वाढतात. व्हिसा, परतीचं तिकीट, बुकिंग, निमंत्रणपत्र, कॉलेजचं ओळखपत्र एका पारदर्शक फोल्डरमध्ये, वर हाताशी.

शनिवार सकाळ: सिंगापूरचा चांगी विमानतळ

उतरल्यावर स्वयंचलित गेटवर पासपोर्ट ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं. चष्मा आणि टोपी काढा. गेटने घेतलं नाही आणि काउंटरकडे पाठवलं तरी गडबडू नका. शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहता येईल ते ईमेलवर येतं, ते वाचा.

एमआरटीचं स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या खाली आहे. दोन स्टेशनांनंतर ताना मेरा येतं, तिथे गाडी बदलून ईस्ट-वेस्ट मार्गावर पश्चिमेला. एनयूएसला जायचं तर बोना व्हिस्टाला उतरून सर्कल लाइनने केंट रिज. एनटीयू बेटाच्या दुसऱ्या टोकाला: बून ले किंवा पायोनियरपर्यंत गाडी आणि तिथून १७९ नंबरची बस. दीड तास धरा, भाडं तीन डॉलरच्या आत. वीकेंडला कधी कधी रुळांच्या कामासाठी काही पट्टे बंद ठेवतात, आदल्या दिवशी मित्राला बघायला सांगा.

गाडीत खाणं नाही आणि पाणी पिणंही नाही. दंड ५०० डॉलरपर्यंत. डब्याचं झाकण उघडण्याचा मोह हॉस्टेलपर्यंत आवरा.

दोन दिवस

काय बघायचं ते मित्र ठरवेल. खाण्याचं मात्र समजून घ्या, कारण पैसा तिथेच वाचतो आणि तिथेच जातो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखालच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, चार ते सहा डॉलरमध्ये पोटभर होतं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे, आपल्या लोकलमधल्या रुमालासारखी. त्याला तिथे 'चोप' म्हणतात. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तसं न केल्यास दंड होतो. चहा मागताना नुसतं 'तेह' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट येतो. 'तेह सी' म्हणजे बाष्पीभवन केलेल्या दुधाचा, आपल्या चवीच्या जवळचा. साखर नको असेल तर पुढे 'कोसोंग'.

शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. भाजीत माशाचा सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असते. मांस, मासे, अंडं नको असं एकेक नाव घेऊन सांगा, नाहीतर सरळ लिटिल इंडियात जा.

रेस्टॉरंटच्या मेन्यूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागणार. २० डॉलरचा पदार्थ २४ ला पडतो. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या. रात्री साडेदहा ते सकाळी सातपर्यंत सार्वजनिक जागी दारू पिणं बेकायदा आहे, नदीकाठच्या पायऱ्यांवरसुद्धा. एमआरटी मध्यरात्रीच्या सुमाराला थांबते. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग ग्रेंज रोडवरचं भारतीय उच्चायुक्तालय.

रविवार: परत

सकाळीच बॅग भरा आणि मित्राच्या आईचे रिकामे डबे त्यात आधी घाला. ते राहिले तर पुढच्या खेपेला तुम्हाला काही मिळणार नाही. आठच्या विमानाला पाचपर्यंत चांगीत हवं. तासभर आधी गेलात तर टर्मिनल १ ला लागून असलेल्या ज्वेल मॉलमध्ये ४० मीटरचा धबधबा फुकट बघून होतो. एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली असेल तर चेक-इनच्या आधी जीएसटी परताव्याच्या मशीनवर पासपोर्ट टेकवा. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून बॅग त्याच्यानंतर द्या.

मुंबईत अकराला उतरलात तरी बाहेर पडेपर्यंत बारा-साडेबारा होतात. मेट्रो तोवर बंद झालेली असते आणि घाटकोपरहून शेवटची लोकल पकडण्याची शर्यत बॅगेसह लावू नये. अॅपवरून कॅब घ्या, गाडीचा नंबर घरी पाठवा. त्या वेळी जेव्हीएलआर मोकळा असतो. ठाण्याला पाऊण तास, ऐरोलीला पुलावरून तेवढाच. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, तेव्हा ऐरोली किंवा मुलुंडच्या नावाने कोणी टोल वेगळा मागितला तर द्यायचा नाही.